कळसासाठी घासलेला ओळंबा

१० मे १९५५. दिवसभर उकाडा, संध्याकाळी खाडीकडून जोराचा वारा.

मी ओळंबा. भांडुपच्या दत्ताराम गवंड्याचा. दोरीला लटकून भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारा पितळी लोळा. माझ्या पितळेत अर्धी देवळाची फुटकी घंटा आहे, अर्धी पिकदाणी. मी लोकांना घंटेचंच सांगत असे.

दर दसऱ्याला हळदकुंकू लागून लागून मला वाटू लागलं होतं की आपण देवच. त्यात टेकडीवरच्या नव्या देवळाचा कळस बसवण्याचा मान दत्तारामला मिळाला. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा. पंधरा वर्षं तो या मानाची वाट पाहत होता. त्याची बायको प्रेमा हिने मला चिंचेने घासून लख्ख केलं.

आणि कळसाच्या आदल्या संध्याकाळी मी कुठे लटकत होतो? आमच्या चाळीच्या नव्या संडासाच्या भिंतीला. रागाने फुगलो होतो. दत्तारामलाही देवळात जायची घाई. वाऱ्याने मी हलत होतो. मी थांबायची वाट न पाहता तो म्हणाला, "बरोबर हा," आणि मला गुंडाळून निघाला. लटकायचं आणि स्थिर राहायचं, एवढंच माझं काम. तेवढंही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो धुतलेलं धोतर नेसून निघाला. प्रेमा भिंतीवर पाणी मारत होती.

"अहो, तुमच्याबरोबर भिंतपण देवळाकडे वाकली हा!"

त्याने मला पुन्हा सोडलं. वारा नव्हता. वरून सोडलेला मी तळाशी भिंतीपासून दोन बोटं दूर राहिलो. आठला गवंड्यांची दुसरी जोडी येऊन याच भिंतीवर विटांचे पुढचे थर चढवणार होती.

दत्तारामने धोतराचा काचा मारला आणि वरची वीट उचकटली.

पावणेसातला देवळाचे चिटणीस विद्याधरपंत धापा टाकत आले. दत्तारामकडून वाकड्या भिंतीचं आणि आठच्या जोडीचं ऐकून म्हणाले, "अरे, मुहूर्त टळतोय! त्या जोडीला थांबायला प्रेमा सांगेल ना. कळस सोडून संडास? देवाचं काम आहे ते!"

"मग ह्या कोणाचा, पंत? हय माणसा बसतली. भिंत पडली तर कळस धावान येतलो?"

"दुसरा गवंडी उभा आहे, सांगून ठेवतो."

"वाकडी मियाच बांधलंय. सरळ मियाच करतलंय."

पंत गेले. चिंचेची चकाकी चुन्याखाली गेली, आणि मला पिकदाणीची आठवण झाली. ती तरी आपलं काम नीट करत होती.

बाबांनो, हळदकुंकू नाही लावलंत तरी चालेल. मी हलायचा थांबेपर्यंत तेवढे थांबा.

११ मे. कळस सात वाजता दुसऱ्या गवंड्याने बसवला. संडासाच्या भिंतीचे नऊ थर उतरवून पुन्हा बांधले. सव्वाबाराला मला सोडलं. वर आणि तळाशी फरक नाही.