बापाची पिकअप

"कार्ब्युरेटर परत उघडलास? घास, घास. पातेली घासतेस तसा रोज घासत जा." आंब्याखालच्या खुर्चीतून क्रेसेन्सिओ खदाखदा हसला.

बॉनेटखाली वाकलेल्या निमियाने, त्याच्या लेकीने, डोकं वर काढलं नाही. कोपरापर्यंत तिचे हात वंगणाने काळे झाले होते. कालचं न विकलेलं चीज टोपलीत ओल्या फडक्याखाली आंबट वास सोडत होतं.

क्रेसेन्सिओने सारी हयात कागुआसू गावाच्या हमरस्त्यावर गॅरेज चालवलं होतं. ट्रकवाले नुसता इंजिनाचा आवाज ऐकवायला त्याच्याकडे थांबायचे. मग हातांना कंप सुटला. आधी पाना सुटला, पुढे चमचाही धरवेना. मुलगे ब्वेनोस आयरेसला गेले ते गेलेच. राहिली निमिया. लग्न झालं नव्हतं, चाळिशी उलटली होती. गायींच्या दुधाचं चीज करून ती बाजारात विकायची आणि त्यावर दोघांचं पोट भरायचं.

पिकअप म्हाताऱ्याहून थोडीच तरुण होती. मिस्त्रीकडे न्यायची ऐपत नव्हती, तेव्हा निमिया एकेक दुखणं स्वतःच काढत गेली. सकाळी स्टार्टर फिरेना, तर नवी बॅटरी घेण्याआधी तिने बॅटरीची गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तार सोडवून गंज खरवडला, स्टार्टर फिरला. चढावर पाणी उकळायचं. तिने थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टाकून पाहिला. तापल्यावर उघडायचा तो उघडलाच नाही, मग त्याच्याशिवायच गाडी चालवली. पण तिसरं दुखणं काही हाती लागेना. गाडी घरून झोकात निघायची आणि ओढा ओलांडला की आचके देत बंद पडायची. बऱ्याच वेळाने पुन्हा चालू.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?" तिने कितीदा तरी विचारलं.

"मला काय विचारतेस? माझे हात गेले. आता तूच मिस्त्री."

तिने फिल्टर बदलला, पंप उघडला, नळ्या फुंकल्या. त्याचं हसणं चालूच.

त्या शनिवारी ती बाजारात पोचली तेव्हा उन्हं कलली होती. तिच्या जागेवर दुसरीच बाई चीज मांडून बसली होती.

"वेळेवर येणारं माणूस लागतं, निमिया," बाजाराचा मुकादम दुसरीकडे बघत म्हणाला. "गिऱ्हाईक काय तुझ्या गाडीची वाट बघत बसणार?"

परतताना पिकअप पुन्हा बंद पडली. पेट्रोलच संपलं की काय म्हणून निमियाने टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. तिने किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र तांबड्या मातीने बुजलं होतं. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल इंजिनापर्यंत जात नव्हतं. केसातली पिन काढून तिने छिद्र मोकळं केलं.

घरी येऊन तिने झाकण बापाच्या मांडीवर टाकलं.

"सापडलं एकदाचं!" तो खुलला. "शेवटी पोर कुणाची!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. आचके ऐकूनच कळलं."

"माझी जागा गेली, बाबा."

त्याने मांडीवरच्या झाकणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सांगून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तू मला काय विचारलं असतंस? 'जेवलात का' आणि 'झोपलात का'. दुसरं काय?"

निमियाने झाकण उचललं, टाकीला लावलं आणि धार काढायला गेली.

त्यानंतर ती दारोदार फिरून चीज विकू लागली. बापाला अंघोळ घालायची, कपडे चढवायची, भरवायची. बोलत मात्र नव्हती.

एका सकाळी पिकअप किंचाळतच सुरू झाली. क्रेसेन्सिओचा चेहरा उजळला.

"पट्टा सैल झालाय गं! डायनमोचा नट ढिला कर, डायनमो बाहेर ओढ नि आवळ. ये, दाखवतो!"

निमियाने काच वर केली. किंचाळी वळणापर्यंत ऐकू येत राहिली.

संध्याकाळी गाडी मुकाट परत आली. म्हाताऱ्याने मान तिरकी करून इंजिन ऐकलं.

"कुणी केलं? फार आवळलाय त्या गाढवाने. बेअरिंग जाईल."

निमिया मक्याच्या गोळ्यांचं सूप घेऊन आली. फुंकर मारून तिने चमचा त्याच्या तोंडाशी धरला. त्याने गिळलं.

"निमिया, खरंच सांगतो, बेअरिंग जाईल गं—"

दुसरा चमचा त्याच्या ओठांना लागला होता.