मला रंग लावू नका

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. १९९६ सालच्या एप्रिलमधल्या त्या सकाळी माझ्याभोवती काय काय होते, ते नीट मोजून सांगतो. पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा, दोन ब्रश, फरशी पुसायचे एक फडके, आणि माझ्या बुडाखाली, चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर, दीड वीत रुंदीचा ओला डाग. भांडण त्या डागावरून होते. मला बाहेरून रंग फासायचा, असे ठरले होते. म्हणजे माझी छिद्रे कायमची बुजणार होती.

ही छिद्रे मला मुद्दाम दिलेली आहेत. देणारीचे नाव युजिनी अल्फॉन्स. ती कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटावर जन्मली. तिच्या गावात भांडी बायका घडवत, आणि चाकाशिवाय घडवत. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या आणि भांड्याभोवती आपणच फिरायचे. मोठी होऊन ती शिल्पकार झाली आणि बंगळूरच्या एका शाळेत कला शिकवायला आली. राहायची चिकपेटमागे, गोजराबाईंच्या घरी. गोजराबाईंचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांनी तिचे ‘युजिनक्का’ करून टाकले.

एकदा युजिनी जवळच्या कुंभाराकडे गेली. बाईने चाकावर बसायचे नाही, असा तिथला रिवाज. तिला पाहताच त्याने चाकावर गोणपाट टाकले.

“झाकू नका,” ती म्हणाली. “मला ते लागतच नाही.”

तिने बेळ्ळंदूर तळ्याच्या काठची माती आणली आणि गोजराबाईंच्या परसात माझ्याभोवती फिरू लागली. गोजराबाई पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या.

“युजिनक्का, देवळाला तरी इतक्या प्रदक्षिणा घातल्यास का गे?”

“देवळात देव तयार असतो, अक्का. याचं अजून पोट व्हायचंय.”

पुढे तळ्याकाठी लाकडे आणि नारळाच्या शेंड्या रचून तिने मला उघड्यावरच भाजले. धूर लागला तिथे मी काळा राहिलो. ते डाग तिने पुसले नाहीत.

एका गॅलरीने मला परत पाठवले. हा कुंभारमाल आहे, शिल्प नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मग इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका संशोधन संस्थेने मला दारातल्या दालनासाठी घेतले. युजिनीची एकच अट होती: हा रिकामा ठेवायचा नाही. पाणी भरले, मी पाझरलो, ग्रॅनाइटवर डाग पडला.

इमारतीची देखभाल पद्माकररावांकडे होती. पुण्याचे इंजिनियर. विजेच्या तारांचे चिनीमातीचे इन्सुलेटर तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. इन्सुलेटरचा तुकडा फोडून लाल रंगाच्या पाण्यात ठेवायचा. आत लाली शिरली, की सगळा माल बाद. त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. रंग लावण्याआधी कळवावे म्हणून त्यांनी युजिनीला बोलावले. गोजराबाई भांडण बघायला सोबत आल्या.

“हा गळतोय, मॅडम.”

“गळत नाही. त्याला घाम येतो.”

“आमच्या इन्सुलेटरमध्ये इतकं पाणी शिरलं असतं, तर अर्धं शहर अंधारात गेलं असतं.”

“याच्यातून वीज न्यायची आहे का?”

गोजराबाईंनी विचारले, “साहेब, तुमच्या घरी माठ नाही का हो?”

“आहे की. पण तो माठ आहे. हे शिल्प आहे.”

“म्हणजे शिल्पाला घामाची बंदी?”

रंग लावायला थांबलेला शिपाई हसला आणि लगेच ब्रशकडे पाहू लागला. युजिनीने माझ्या काठावर हात ठेवला.

“गॅलरी म्हणाली हे भांडं आहे, तुम्ही म्हणता शिल्प आहे. याचं पाणी दोघांनीही प्यायलेलं नाही. रंग लावणार असाल, तर खालची माझ्या नावाची पाटी आधी काढा. नाहीतर पाणी किती गार होतं ते मोजून बघा. मोजणं तर तुमचंच काम.”

पद्माकररावांनी डब्याचे झाकण परत दाबून बसवले. “उद्या दुपारपर्यंत,” ते म्हणाले. “फरक दिसला नाही, तर रंग.”

संध्याकाळी एकाच नळाचे पाणी स्टीलच्या पिंपात आणि माझ्यात भरले. आम्हाला शेजारी शेजारी ठेवले. रंगाचा डबा समोरच होता. मी त्याला घाबरून पाणी आवरून धरले नाही. भरपूर पाझरलो. डाग दोन वीत झाला.

मित्रांनो, तुमच्या घरी मातीचे भांडे असेल, तर त्याला चकचकीत करून शोकेसमध्ये ठेवू नका. भरा, रिकामे करा, काथ्याने घासा, पुन्हा भरा. खाली ओल आली तर फरशी पुसा. भांड्याचे तोंड आणि अंग दोन्ही उघडे असू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता पद्माकररावांनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला. दालनातली हवा ३३ अंश सेल्सिअस. स्टीलच्या पिंपातले पाणी ३१. माझ्यातले २४.