दूध संघाची अर्ध्या मिनिटाची फिल्म

टीव्हीवर मालिका चालू असली की सोजराबाईंचे हात शेंगा सोलत राहायचे आणि जाहिराती लागल्या की थांबायचे. सुनेला, अनुपमाला, त्याची मोठी गंमत वाटायची. सगळं जग जाहिरातीत उठून पाणी प्यायला जातं आणि ह्या चष्मा पुसून सरसावून बसतात. कुठली साबणाची, कुठली स्कूटरची. त्यातली एखादी सत्यजीतनं केलेली असायची. जाहिरातीखाली नाव येत नाही, तरी सोजराबाई बरोबर ओळखायच्या.

सत्यजीत त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. आई लवकर गेली, तेव्हापासून भांडगावला सोजराबाईंच्याच हाताखाली वाढला. कॉलेज सोडून दौंडात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायला लागला, तेव्हा जयसिंगआबांनी, म्हणजे सोजराबाईंच्या मालकांनी, त्याच्याशी बरेच दिवस अबोला धरला होता. पुढं तो मुंबईला एका जाहिरातवाल्याच्या हाताखाली राबला. सत्त्याण्णव साली त्या जाहिरातवाल्यानं सांगितलं, स्वतःची एक फिल्म करून आण, जमलेली असली तर स्वतंत्र काम देतो, नाहीतर आहे तिथं बरा आहेस.

ती फिल्म घरातच मिळाली. आबा दूध संघाचे चेअरमन होते. संघाचं पिशवीतलं दूध नव्यानं निघालं होतं आणि थिएटरात दाखवायला अर्ध्या मिनिटाची जाहिरात हवी होती. सत्यजीतनं सगळं ठरवून आणलं होतं. पहाट, गोठा, धार काढणारे हात, भरलेला पेला. संचालकांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्यातले म्हस्कूमामा म्हणाले, "समदं ब्येस हाय. पन ह्यात आमी कुठं हाय?"

"मामा, अर्ध्या मिनिटात अकरा माणसं कशी बसवू?"

"लग्नात वऱ्हाडाचं शेंबडं पोरगं बी दावतुयास की. आन् आमी संघ उभा केला, आमी न्हाई व्हय?"

आबांनी खाकरून सांगितलं, "घ्ये रं समद्यांना."

शूटिंगच्या दिवशी संघाच्या आवारात अकराही जण कडक इस्त्रीत हजर. आबांच्या उपरण्याला सोजराबाईंनी स्वतः खळ दिली होती. सत्यजीतनं संचालकांना चालायला सांगितलं, बोलायला सांगितलं, चहा प्यायला दिला. पण कॅमेरा आपल्याकडं वळला की माणसं जागच्या जागी थिजायची. फोटो काढून घ्यायची सवय. पोपटरावांच्या तोंडातला घोट गिळायचा राहून गेला होता. शेवटी त्यानं सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि म्हणाला, "मी हात खाली करीपर्यंत कुणी हलू नका." हे मात्र सगळ्यांना जमण्यासारखं होतं.

पुढच्या शॉटला वासरू लागणार होतं. ते घरचंच, त्यामुळं सोजराबाई बाजूला त्याचं दावं धरून उभ्या होत्या. वासरानं हिसडा दिला आणि थेट आबांपाशी गेलं. खळीच्या उपरण्याचं टोक तोंडात घेतलं आणि चघळायला लागलं.

आबा हलले नाहीत. नजर समोर, मिशी ताठ. उपरणं खांद्यावरून इंच इंच खाली चाललेलं. शेजारी म्हस्कूमामा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, पण मान तशीच. सोजराबाईंनी सत्यजीतकडं पाहिलं. त्याचा हात वरच होता. मुद्दाम वर ठेवला होता. मग मात्र त्यांना राहवलं नाही. त्या धावल्या, वासराच्या गळ्यात हात घालून त्याला ओढायला लागल्या, आणि ओढता ओढता असं हसू फुटलं की डोईवरचा पदर खांद्यावर आला तरी कळलं नाही.

महिन्याभरानं सत्यजीत कॅसेट घेऊन आला. त्यात दोन फिल्मा होत्या. एक ठरल्यासारखी, गोठा आणि ओळीनं संचालक. दुसरीत नुसती ती रांग, वासरू आणि सोजराबाई, शेवटी दुधाची पिशवी.

"आबा, माझी ही दुसरी. पण तुम्ही नको म्हणालात तर पहिली लावू," तो म्हणाला. "ती घेऊन मुंबईला जाण्यात मात्र अर्थ नाही."

आबांनी दुसरी पाहिली. "पुन्यांदा लाव." पुन्हा पाहिली. तिसऱ्या वेळी ते स्वतःकडं बघतच नव्हते.

"संघाची विलेक्शन तोंडावर हाय," ते शेवटी म्हणाले. "लोक हसत्याल."

"हसतील, आबा."

"माझं ऱ्हाऊ दे. उपरणं गेलं ते गेलंच." त्यांनी सोजराबाईंकडं पाहिलं. "पन त्वांड हिचं दिसतंय. हिला इचार."

सोजराबाईंना आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांच्या घरातल्या बायका लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा पाठमोऱ्या असायच्या. पडद्यावरची ती बाई कोण, असं त्यांना क्षणभर वाटलं. चांगली दिसत होती. सत्यजीत टीव्हीपाशी उकिडवा बसला होता, लहानपणी ताप आला की बसायचा तसा, काही न मागता.

"काकी, न्हाई म्हनलीस तरी चालंल," तो म्हणाला.

"गप रं. चालंल म्हंजी काय चालंल?" त्या म्हणाल्या. "हीच लाव. आन् माजा पदर पडलाय ती सासवा-जावांना मी सांगीन काय सांगायचं ती."

आबांनी मान हलवली. "आन् मला कधी गं अशी हसून दावली न्हाईस?"

"तुमी कवा वासरू सोडलंत अंगावर?"

दौंडच्या थिएटरात ती लागली, तेव्हा सगळं घर गेलं होतं. अंधारात पहिल्यांदा कुणीतरी खुदकलं, मग उपरणं घसरायला लागताच बाल्कनीपासून खालपर्यंत हसू पसरत गेलं. सोजराबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि भीत भीत आबांकडं पाहिलं. सत्यजीत तर पडद्याकडं बघतच नव्हता, तोही आबांकडंच बघत होता.

पुढच्या खुर्चीवरचा कुणी अनोळखी माणूस मांडीवर थाप मारून हसत होता. आबा वाकले, त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पावनं, त्यो मीच हाय. आन् ती आमची मंडळी."