पाटीखालची पेटी

"निदान पाटीवर काय लिहिलंय ते तरी वाचा," मी सभेत म्हटलं.

नगराध्यक्ष डेनिस कर्न उठले आणि कॉफीच्या यंत्रावरून वाकून भिंतीवरची पितळी पाटी मोठ्यानं वाचू लागले. "टॅलमन गावाच्या शताब्दीनिमित्त नागरिकांनी लिहिलेली पत्रं या पाटीखाली पुरली आहेत. दोन हजार सतरा साली उघडावीत."

सगळ्यांनी पाटीखाली पाहिलं. पाटीखाली कॉफीचं यंत्र होतं, यंत्राखाली टेबल आणि टेबलाखाली नगरपालिकेचा दुसरा मजला.

झालं होतं असं, की ही पाटी मुळात कोर्टासमोरच्या हिरवळीत जमिनीवर बसवलेली होती. गवत कापायच्या यंत्राची पाती तिच्यावर आपटून तुटायची. म्हणून ऐंशीच्या दशकात कुणा शहाण्यानं ती उखडली आणि खराब होऊ नये म्हणून इथं आणून ठोकली. जागेची खूण ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. पाटी छान जपली आम्ही, पेटी हरवली.

मला जास्त लाज वाटत होती, कारण वाचनालयातला इतिहासाचा कक्ष मी सांभाळते. टॅलमनला आलेला प्रत्येक पूर, लागलेली प्रत्येक आग, जत्रेत कुणाच्या केकला पहिलं बक्षीस मिळालं, सगळं माझ्याकडे आहे. पेटी पुरताना मी स्वतः तिथं हजर होते म्हणे. नऊ वर्षांची होते. मला फक्त फुगा आठवतो.

मागच्या रांगेतून व्हर्ल ड्यूलींनी हात वर केला. एक्केचाळीस वर्षं पाणी खात्यात काढलेला माणूस, पण सभेत कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही. "मी शोधतो," ते म्हणाले. "लोरीनचं पत्र आहे त्यात."

लोरीन त्यांची बायको. दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. सदुसष्ट साली त्यांचं लग्न ठरलेलं होतं आणि व्हर्ल व्हिएतनामात लढाईवर होते. गावातल्या इतरांबरोबर चर्चच्या तळघरात बसून तिनंही पत्र लिहिलं. पाकिटावर नाव व्हर्लचं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या वर्तमानपत्रातला फोटो घेऊन हिरवळीवर गेले. फोटोत हॅट घातलेले चार पुरुष फावडी घेऊन उभे होते आणि त्यांच्यामागे एल्मच्या झाडाचा जाडजूड बुंधा.

"पण एल्म पाडूनही जमाना झाला," मी म्हटलं. "कुठं होता ते कुणाला आठवणार?"

"झाड मलाही आठवत नाही," व्हर्ल म्हणाले. "मुळं आठवतात. एकोणऐंशी साली गटार तुंबलं होतं त्यांनी. तीन दिवस खाली करवत चालवत होतो. लोरीन मला घरात घेईना."

त्यांनी गटाराच्या झाकणापासून पावलं मोजली, लांब सळई काढली आणि दर वीतभर अंतरावर जमिनीत खुपसायला सुरुवात केली. सळई घालायची, थांबायचं, काढायची. मी घडीची खुर्ची टाकून बसले. माझा स्वभाव चौकस, गप्प काही बसवेना.

"तुम्हाला तिनं कधीच सांगितलं नाही? काय लिहिलंय ते?"

"सत्तेचाळीस वर्षं विचारत होतो. म्हणायची, थांब की. पेटी कुठं पळून जातेय?"

मला हसू आलं, मग वाईट वाटलं.

"काय असेल असं वाटतं?"

व्हर्लनी सळई पुन्हा जमिनीत खुपसली. "आधी वाटायचं, प्रेमपत्र असेल. मग वय झालं तसं वाटायला लागलं, मी परत आलोच नाही तर काय, ते लिहिलं असेल तिनं. तेव्हा दिवसच तसे होते ना. मी नसतो तर ती कशी जगणार होती, ते मला वाचायचंय."

मी खुर्ची उचलून जरा जवळ सरकवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सळई ठण्णकन वाजली.

शनिवारी अख्खं टॅलमन लोटलं. शाळेचा बँड, मेथडिस्ट चर्चच्या बायकांनी भाजलेले चेरी-पाय, झेंडे, सगळा थाट. व्हर्ल इस्त्रीचा शर्ट घालून पुढं उभे होते. वाचायचा चष्मा त्यांनी दोनदा काढून पुसला. छोट्या क्रेननं खड्ड्यातून तांब्याची पेटी वर उचलली तशा टाळ्या सुरू झाल्या. व्हर्लनी मात्र टोपी काढून छातीशी धरली.

"पाणी आहे आत," ते हळूच म्हणाले.

"कशावरून? मला तर काही ऐकू आलं नाही."

"माझा जन्म त्यातच गेला, ग्लेन्डा."

झाकण कापलं आणि करड्या पाण्याचा लोट डेनिसच्या बुटांवर आला. आत लापशी झाली होती. चारशे बारा पत्रं, सगळ्यांची मिळून एक. शाई कधीच वाहून गेलेली. डेनिसनं काहीतरी विनोद करून पाहिला. कुणी हसलं नाही. व्हर्लकडे बघायचा तर मला धीरच होईना. बँडवाल्यांना काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते वाजवत राहिले.

अर्ध्या तासात हिरवळ रिकामी झाली. नगरपालिकेच्या माणसानं कचऱ्याची ढकलगाडी आणली.

"थांब रे," व्हर्ल म्हणाले. "ते मी नेतो."

"काका, काही राहिलं नाहीये त्यात."

"असू दे."

आइस्क्रीमच्या सहा रिकाम्या बादल्या त्यांनी मेथडिस्ट बायकांकडून मागून घेतल्या.

मंगळवारी मी त्यांच्या घरी गेले. गॅरेजचं दार उघडं होतं. गाडी बाहेर काढून ठेवली होती आणि आत घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडव्या टाकलेल्या होत्या. पॅनकेक उलटायच्या पातळ उलथन्यानं व्हर्ल त्या लगद्यातून एकेक कागद सोडवत होते आणि जाळीवर पसरत होते. शेकडो कागद. काही अख्खे, काही तळहाताएवढे, सगळे करडे आणि कोरे. मी पुष्कळ वेळ फिरून पाहिलं. एक अक्षर दिसलं नाही.

"व्हर्ल," मी शेवटी म्हटलं, "यातलं काही वाचता येणार नाही हो."

"माहितीय."

"मग?"

"लोरीनचं यातलं कुठलं ते कळायला मार्ग नाही," ते म्हणाले. "म्हणून सगळीच वाळवतोय."

आणि पुढच्या कागदाखाली त्यांनी उलथनं अलगद सरकवलं.