निळ्या डब्यात गरम दशम्या

मित्रांनो, तुम्ही तान्हे होतात तेव्हा माझ्याच एखाद्या भावाला बघून भोकाड पसरलं असेल. मी एक जुना लसीचा डबा आहे. निळा, चौकोनी, खांद्याला लावायला पट्टा आणि आत चारी बाजूंनी बर्फाचे आइसपॅक.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला कुणी सांगितलं नाही. मला कळायला लागलं ते सोनूबाई नर्सच्या खांद्यावर. उन्हातान्हात वस्तीवस्तीवर आम्ही फिरायचो. "आला गं आला, निळा डबा आला!" असं म्हणत पोरं कणगीमागे लपायची आणि आया त्यांना ओढून आणायच्या. काय तो मान होता! मग नवे डबे आले. माझ्या झाकणाची बिजागरी ढिली झाली होती, म्हणून मला कोठीत टाकलं. उंदरांनी माझ्यात संसार थाटला. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

तिथून मला मागून नेलं राजनंदिनीनं. ही आष्टीची, भुजंगराव शेतकऱ्यांची लेक. बदनापूरला शेतीचं शिकताना तिनं तुरीच्या मुळाशी राहणारे जिवाणू पाहिले. डोळ्यांना न दिसणारे ते जीव आख्ख्या झाडाला पोसतात, हे कळल्यावर पोरीला वेडच लागलं. पुढं ती पुण्याला गेली, तिथून परदेशात गेली आणि कॅन्सरच्या संशोधनात शिरली.

ती मला धुऊन पुसून उन्हात ठेवायची तेव्हा कुणाकुणाला समजावून सांगायची, म्हणून मलाही थोडं कळतं. आपल्या अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात. कॅन्सरची गाठ मोठी लबाड, "मी घरचीच" म्हणून त्यांना गप्प बसवते. इम्युनोथेरपी नावाचं औषध त्या पहारेकऱ्यांना जागं करतं. पण ते एकाला लागू पडतं अन् दुसऱ्याला नाही. असं का? काही उत्तर आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंकडे असावं, असं राजनंदिनीला आणि जगातल्या बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. फक्त त्यांच्या अभ्यासातली पोटं बहुतेक परदेशातली. ज्वारीची भाकरी, ठेचा अन् ताकावर वाढलेल्या पोटात कोण राहतं, याची मोजदाद फारच थोडी झाली होती. तेवढ्यासाठी ती चांगली नोकरी सोडून जालन्याला आली. एका दवाखान्याच्या मागं दोन खोल्यांत तिची प्रयोगशाळा उभी राहिली.

आता ही मोजदाद कशात करायची? शीमध्ये! हो, शीच. हसून घ्या एकदाचे.

"एवढी शिकली, इमानात बसून आली, आन् आता लोकायची शी गोळा करून राह्यली!" भुजंगराव आष्टीच्या बाजारात सांगायचे. हसत सांगायचे, पण छाती फुगवून. मलाही आधी कसंसंच झालं. कुठं बाळांची लस आणि कुठं हे! पण नमुना घट्ट बरणीत, बरणी पिशवीत, आणि काम माणूस वाचवायचं. माझा तोरा उतरला. माझ्यावर जबाबदारी एकच, आतली बरणी गार ठेवायची. ऊब लागली की काही जिवाणू भसाभस वाढतात, काही मरतात, आणि सगळी मोजणी बिघडते.

अशात वाटूरचे कारभारी मामा आले. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. औषध त्यांच्या आवाक्याबाहेरचं, पण अभ्यासात नाव बसलं तर दवाखाना ते फुकट देणार होता. अट अशी की पहिल्या डोसाच्या आधीचा नमुना हवा. नमुना नेला की दुसऱ्याच दिवशी सकाळी डोस ठरलेला. ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नमुना आला नाही, तर त्यांची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

राजनंदिनीचा मदतनीस कल्याण आदल्या दिवशीच मला मामांच्या ओट्यावर ठेवून गेल्ता. मामांनी पहाटे बरणी माझ्यात ठेवली, झाकण लावलं आणि ते शेतात गेले. बायकोला, आसराबाईला, त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "बीपीच्या तपासणीचा डबा हाये. न्यायला येतील."

आसराबाईनं झाकण उघडलं. आत एका बाजूला गुंडाळलेली पिशवी, बाकी नुसता बर्फ.

"आगं बाई! लोकायचा डबा आन् रिकामा पाठवायचा?"

आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आसराबाईनं तर चूल पेटवली, तव्यावरच्या गरमागरम दशम्या फडक्यात बांधल्या, वर ठेच्याचा गोळा ठेवला. गारठ्यानं दशम्या कडक होतील म्हणून आइसपॅक काढून मोरीत उभे केले. मला ओरडायला तोंड असतं ना, तर सारं वाटूर गोळा केलं असतं!

कल्याण आला आणि मला उचलून घेऊन गेला. जालन्यात राजनंदिनीनं झाकण उघडलं तर आतून वाफ आली. दशम्यांचा वास खोलीभर पसरला. तिनं बरणीला हात लावला, ती चांगली कोमट होती.  दशम्या बाहेर काढून तिनं नवे आइसपॅक माझ्यात खोचले आणि म्हणाली, "कल्याण, गाडी काढ. जल्दी."

आम्हाला बघून आसराबाई खूश. "दशम्या आवडल्या व्हय?"

"लई आवडल्या, मावशी," राजनंदिनी म्हणाली आणि शेतातून आलेल्या मामांकडं वळली. "मामा, नमुना खराब झाला. दुसरा आजच पाहिजे. पण घरात काहीच सांगितलं न्हाई तुम्ही? ते मी न्हाई सांगणार. तुम्हीच सांगा."

मामांनी टोपी काढली, परत घातली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप बसल्तो," ते म्हणाले. "अगं, बीपी न्हाई मला. कॅन्सर हाये. छातीत."

आसराबाई खांबाला धरून खाली बसली. 

"आन् मी बीपी म्हणून भाजीत मीठ कमी टाकून राह्यले!" ती एकदम कडाडली. "तुम्ही मुकाट्यानं आळणी खाल्लं?"

"तू रडशील म्हणून न्हाई बोललो."

"मंग आता हसून राह्यले का मी?"

ती रडली, पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं राजनंदिनीला विचारलं, "आता काय करायचं, ते सांग."

करायचं काय, ते मामांच्या पोटाच्या हातात होतं, आणि पोट काही ऐकेना. "हुकमानं येतंय व्हय ते?" मामा वैतागले. आसराबाईनं त्यांना तांब्याभर कोमट पाणी पाजलं आणि अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. मामा पुढं, ती मागं. ऊन उतरायला लागलं. कल्याणनं देवाला नारळ कबूल केला. या कामासाठी नवस बोललेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला! शेवटी मामा झपाझप घरामागं गेले आणि आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आसराबाई मला मांडीवर घेऊन गाडीत बसली. "मी बी येते. हे एकटे न्हाई जायचे आता." जालन्यापर्यंत तिनं माझं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. दिवस बुडायच्या आत आम्ही पोचलो.

मामांना औषध मिळालं. काही महिन्यांनी तपासणीत गाठ लहान झालेली दिसली. संपली नाही, लहान झाली. त्यांच्यासोबतच्या काहींना तेवढंही मिळालं नाही. मामांनाच का मिळालं, असं कुणी विचारलं की राजनंदिनी म्हणते, "बराबर माहीत न्हाई अजून. शोधून राह्यलो." अशा वेळी ती जरा हळू बोलते.

आता आजारी माणसाची हरकत नसेल तर आसराबाई आमच्याबरोबर येते. परवा आष्टीला शिवशंकर नावाच्या पेशंटकडं गेल्तो. तिनं बरणीचं नाव काढलं नाही की चहालाही हात लावला नाही.

"घरात सांगितलं का?" तिनं विचारलं.

त्यानं आत बघत 'हळू बोला' अशी खूण केली. आसराबाईनं स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोला, रेणूला, बोलावलं, आपल्याजवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "भाऊ, सांगा आता. आम्ही बसलोत."

मित्रांनो, माझी बिजागरी आता तारेवर टिकली आहे. मला जपा म्हणून मी तुमच्या मागं लागणार नाही. पण तुमच्या घरातलं मोठं माणूस उगाच गप्प गप्प दिसलं, तर त्याच्याजवळ जाऊन विचारा, काय झालंय. ते "काही न्हाई" म्हणेल. तरी उठू नका.