पहिल्याच बोलीला होकार

दिशाने मेसेज पाठवला आणि फोन खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. ‘चालेल. आज तीन वाजता ये. रोख आण.’

“आजोबा, हो म्हणाले!”

काशीरामांनी पेपरातून डोकं वर काढलं. “तू किती बोललीस?”

“नऊ हजार.”

“आणि त्यांनी लिहिले होते किती?”

“चौदा.”

“आणि लगेच हो?” त्यांनी पेपराची घडी केली. “म्हणजे भानगड आहे.”

दिशाला कीबोर्ड हवा होता. नववीच्या गटाचं समूहगान स्पर्धेला जाणार होतं, आणि घरी सराव करायला वाद्य असेल त्यालाच साथीला बसवणार, असं संगीताच्या बाईंनी सांगून टाकलं होतं. सोमवारपर्यंत नाव द्यायचं होतं. तोवर दिशा जुन्या कॅलेंडरच्या मागे पट्ट्या आखून त्यावर बोटं फिरवत होती. वाढदिवसांचे, भाऊबीजेचे आणि आईने वर घातलेले मिळून तिच्याकडे बरोबर नऊ हजार होते. खारदांड्याच्या एका घराने आपला जुना कीबोर्ड विकायची जाहिरात ऑनलाइन टाकली होती. ती तिला आजच सकाळी दिसली.

“तू लिहिलंस तरी काय?” आजोबांनी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. ‘नमस्कार. तुम्ही चौदा लिहिले आहेत, ते बरोबरच असतील. माझ्याकडे नऊच आहेत. जमत नसेल तर काही राग नाही.’

“अगो, हा भाव केलास की भीक मागितलीस?” आजोबांनी कपाळावर हात मारला. “मागितल्याच्या अर्ध्यावरून सुरू करायचं. तो वर ओढणार, आपण खाली. तू आधीच खिसा उलटा करून दाखवलास. आणि तरी तो घासाघीस करत नाही! एक तर वस्तू मेलेली असणार, नाहीतर...”

“नाहीतर काय?”

“नाहीतर वस्तू त्याची नसणार.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “पप्पा, तुम्ही सोबत जा तिच्या. एकटी नको.”

घाटकोपरहून दोन बस बदलेपर्यंत आजोबांनी त्या मेसेजची चिरफाड केली. तीनच वाजता का? रोखच का? नाव का नाही? दिशा दप्तर पोटाशी धरून बसली होती. पैसे त्यात होते. खारदांड्याला उतरेपर्यंत तिलाही वाटायला लागलं की आपण कुठल्यातरी सापळ्यात चाललोय.

घर गल्लीच्या टोकाला होतं. दारात घरधनी तुळशीदास मासळीच्या जाळ्याची गाठ मारत बसले होते. त्यांनी मान न उचलताच आत हाक मारली, “मंजुळा, कीबोर्डवाली पोर आली.”

त्यांची बायको मंजुळा पदराला हात पुशीत बाहेर आली. पन्नाशीची, अंगाने भरलेली, कपाळावर मोठं कुंकू. “तूच काय ती? ये. प्रज्योतचा हाय, माझ्या पोराचा. लग्नाच्या बँडात वाजवतो तो. आता मोठा घेतला. ह्यो नुसता जागा खातोय.”

कीबोर्ड पलंगावर ठेवला होता. दिशा पुढे झाली, पण आजोबा तिच्याआधी बसले. त्यांनी एकेक पट्टी दाबली. काळ्या दाबल्या, पांढऱ्या दाबल्या. आवाज लहान केला, मोठा केला. वायर काढून पुन्हा लावली, उलटा करून तळाचे स्क्रू पाहिले. सगळं ठणठणीत होतं.

प्रत्येक पट्टीबरोबर दिशाचा चेहरा उजळत होता आणि आजोबांचा उतरत होता.

“चांगला आहे,” ते म्हणाले.

“हायच चांगला.”

“मग इतक्या स्वस्तात कसा?”

“पोरीने इचारलं, मी दिला.”

“बिल आहे?”

“चार वर्सं झाली काका. बिल कोन ठेवतंय?”

दिशाने आजोबांची बाही ओढली, पण उशीर झाला होता. “चोरीबिरीचा नाही ना?”

बाहेर तुळशीदासांचे हात थांबले.

मंजुळाने कीबोर्डची वायर गुंडाळायला घेतली. “उठा.”

“तसं नव्हे हो, विचारावं लागतं...”

“उठा म्हनते ना! तीस वर्सं मासळीबाजारात बसते मी. ताजं म्हनून शिळं विकलं, असं कोनी बोलू शकत नाय. तुमी माझ्याच पलंगावर बसून मला चोर म्हनता?”

“पण पहिल्याच बोलीला कोण हो म्हणतं?”

“मी म्हनते! सकाळी प्रज्योतने जाहिरात टाकली आन् पहिला मेसेज ह्या पोरीचा. बोहनी ती. बोहनीच्या गिऱ्हाईकाला मी कवा परत धाडलं नाय. चौदा त्याने लिवले, माझ्या मनात दहा होते. एक हजार बोहनीला सोडला.” तिने फोन दिशाच्या हातात दिला. “वाच मोठ्याने. मागनं काय काय आलं ते.”

दिशाने वाचलं. ‘लास्ट किती?’ ‘पाचला देता का?’ ‘अंधेरीहून येतो, बारा देतो, आजच.’ शेवटच्या मेसेजखाली मंजुळाचं उत्तर होतं, ‘दिला’.

आयुष्यभर सकाळी भाजीवाल्याकडे पहिलं गिऱ्हाईक व्हायचं काशीरामांनी टाळलं होतं, कारण बोहनीला घासाघीस केली की शिव्या खाव्या लागतात. फोनवरसुद्धा बोहनी होते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“चुकलं माझं,” ते पुटपुटले.

“चुकलं तर चुकलं. पन सौदा मोडला. आता त्या अंधेरीवाल्याला बोलवते.”

दिशाला सोमवार दिसत होता. बाई नाव विचारणार आणि ती खाली बघणार. तिने दप्तर जमिनीवर ठेवलं.

“मावशी, मोडला तर मोडला. मी नवीन बोली लावू?”

मंजुळाने भुवई चढवली. “लाव.”

“नऊच आहेत.”

“ती जुनीच झाली.”

“नाही. जुनीत आजोबा होते.” दिशाने दाराकडे बोट दाखवलं. “आता नऊ हजार, आणि आजोबा बाहेर.”

बाहेरून तुळशीदास ठसका लागल्यासारखे हसले. मंजुळाने ओठ घट्ट दाबून धरले होते, पण तेही सुटलं. “घेतली! काका, बाहेर व्हा. बोली लागलीय.”

काशीराम चपला हातात घेऊन दारात आले. तुळशीदासांनी जाळं सरकवून त्यांना जागा दिली. “बसा. मी पन इथंच असतो, तिचा व्यवहार चालू असला की.”

आतून आधी नोटा मोजल्याचा आवाज आला आणि मग एक अडखळत, पण पूर्ण सरगम.

थोड्या वेळाने दिशा कीबोर्ड छातीशी धरून बाहेर आली. मागून मंजुळाने लोखंडी स्टँड आणून आजोबांच्या हातात दिला. “ह्यो पन न्या. पोर कितीदा पलंगावर वाकून वाजवील?”

काशीरामांनी स्टँड उलटा करून त्याचे पाय पाहिले. “फुकट? का?”

“आजोबा,” दिशा दातांवर दात ठेवून म्हणाली, “चला.”