अठ्ठावीसच्या खाली

ओट्यावर सात वस्तू होत्या. एसीच्या गॅसचे दोन डबे, त्यातला एक फोडलेला. डायल बसवलेली एक रबरी नळी. कॉलेजातून मागून आणलेला डिजिटल थर्मामीटर. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. रबरी हातमोज्यांचा एक जोड, त्यातले दोन्ही मोजे डाव्या हाताचे. आणि सुग्रीवकाकांचा मोठा पान्हा, ज्याची या कामात काडीचीही गरज नव्हती.

प्रांजलीने सगळं पुन्हा एकदा मोजलं. मोजलं की तिचं डोकं ठिकाणावर राही, आणि आज ते राहायलाच हवं होतं. उद्या साडेअकराला जालन्याच्या दवाखान्यातून आबांना सुट्टी मिळणार होती. आबा, म्हणजे तिचे वडील धुळाजी, पाच दिवसांपूर्वी भर दुपारी मेंढरांमागे चालता चालता उन्हाने कोसळले होते. आता शुद्धीवर होते, जेवत होते, पण वॉर्डात खाटांसाठी रांग होती आणि डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट बजावलं होतं, "व्हरांड्यात बसवून ठेवू नका, साध्या गाडीत तर मुळीच घालू नका. एसी गाडी आणा. आत अठ्ठावीस अंशांच्या खाली पाहिजे. पुन्हा तसाच झटका बसला, तर मी काही सांगू शकत नाही."

उद्या लग्नाची दाट तिथी. घनसावंगीपासून तीर्थपुरीपर्यंत तिने अकरा गाडीवाल्यांना फोन केले, अकराही जण वऱ्हाडात गुंतलेले. कुंभार पिंपळगावातल्या त्यांच्या अंगणात राहिली होती ती आबांनी गेल्या वर्षी घेतलेली जुनी गाडी. तिचा एसी तीन मिनिटं गार वारा देई, मग बॉनेटखाली 'टक्' वाजे आणि तोंडावर गरम फुंकर येई.

"गॅस संपला," आबांचे धाकटे भाऊ सुग्रीवकाका म्हणाले. सकाळपासून ही सोळावी वेळ होती. "एसीत दुसरं असतंय काय? गॅस आन् हवा."

"काका, तुम्ही वीस वर्षं जीप चालवली. त्या जीपला एसी होता का?"

"काचा बी नव्हत्या तिला. पण चालली ना बराबर?"

डबा काकांनीच फोडला होता, ती जालन्याहून यायच्या आधी. किती गॅस गेला ते त्यांनी आवाजावरून ठरवलं होतं. प्रांजलीने दोन्ही डबे काट्यावर ठेवले. भरलेला पाचशे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम, फोडलेला पाचशे एकतीस. म्हणजे सत्तेचाळीस ग्रॅम आत गेले होते आणि वारा होता तसाच गरम होता.

तिने डावा मोजा डाव्या हातात घातला, दुसरा उलटा करून उजव्यात. जाड पाइपवरच्या तोंडाला नळी जोडली, गाडी चालू करायला सांगितली. डायलवरची दाबाची सुई अठ्ठावन्नवर जाऊन थांबली. मग टक्.

"बघा. गॅस कमी असता तर सुई खाली राहिली असती. ही वर आहे. आता एक ग्रॅमही टाकायचा नाही."

"सुई वर हाय म्हंजे गॅस जाऊन राह्यला. अजून टाक की." काकांनी डबा उचलून उलटा धरला. "असं धरलं की जल्दी जातंय."

"उलटा नका धरू!" तिने डबा हिसकावून घेतला. "पातळ गॅस तसाच आत गेला तर कॉम्प्रेसर फुटेल. डब्यावर लिहिलंय, चित्रही काढलंय."

"मंग तू वाच चित्र. तुझा बाप तिकडं उन्हात येईल."

हे तिला लागलं. तिने डबा ओट्यावर ठेवला. गाडीत जाऊन बसली आणि निव्वळ बोलायचं नाही म्हणून समोरच्या डायलांकडे बघत राहिली. तेव्हा तिला दिसलं की इंजिनच्या तापमानाचा काटाही अर्ध्याच्या वर चढला होता.

इंजिन गरम व्हायला एसीच्या गॅसचा काय संबंध? तिने वहीत लिहिलं: दोन काटे, दोन्ही वर. एसीची जाळी आणि इंजिनची जाळी गाडीच्या तोंडाशी एकामागे एक असतात. दोन्ही एकदम तापत असतील, तर दोघींना मिळून एकच गोष्ट कमी पडत असणार. वारा. पण पंखा फिरत होता. तिने स्वतः पाहिला होता. गाडीच्या तोंडाची काळी जाळीही तिने सकाळीच कोरड्या फडक्याने पुसली होती.

एसी बंद कधीपासून पडला? काकांना विचारण्यात अर्थ नव्हता. तिने दवाखान्यात आबांजवळ बसलेल्या आईला, म्हणजे बायनाबाईला, स्पीकरवर फोन लावला.

"आई, एसी नीट कधीपर्यंत चालत होता?"

"तुझे आबा पडले त्या दिवसापर्यंत बराबर चालत होता. सकाळीच तर तीर्थपुरीला गेल्तो आम्ही." मागून आबांचा घोगरा आवाज आला. आई वैतागून म्हणाली, "हे पुन्हा तेच. पाणी मारलं का, पाणी मारलं का. पाच दिवस झाले, डोकं फिरवलंय."

काकांनी मान हलवली. "अँब्युलन्समधी बी तेच म्हणत होते दादा. तापात बरळत होते."

"आता ताप कुठाय?" प्रांजली म्हणाली. "आई, कशाला पाणी, ते विचार."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. "गाडीला, म्हणत्यात. रोज सकाळी. तोंडावर."

प्रांजलीने गाडीत एसीच्या झरोक्यात थर्मामीटर अडकवला. एकतीस. बाहेर येऊन गाडीच्या तोंडावर बादलीभर पाणी ओतलं. चार मिनिटांनी आकडा एकोणीसवर आला. पण तिचं लक्ष आकड्याकडे नव्हतं. ओतलेलं पाणी खाली पडतच नव्हतं. तिने काळ्या जाळीत बोट घातलं. बोटाला ओली लोकर लागली.

घोंगडी होती. काळ्या जाळीमागे काळी घोंगडी, दुहेरी घडी घालून, कडेने लोकरीच्याच दोऱ्याने शिवून टाकलेली. टाके इतके बारीक, की ते एकाच माणसाचे असू शकत होते.

"दादाची कामगिरी," काका हळूच म्हणाले. "पाण्याच्या कळशीला बांधतो ना आपण. गार राहावी म्हणून."

ओली असेपर्यंत ती गारवा देत होती. वाळली की नुसता पडदा. आणि आबा दवाखान्यात गेल्यापासून तिला पाणी घालणारं कुणी नव्हतं. प्रांजलीला ओरडावंसं वाटलं, पण नक्की कुणावर ते ठरेना. ते तर पाच दिवस सांगत होते. तिने ब्लेडने एकेक टाका कापला, तुकडा उसवून तारेवर वाळत टाकला.

गाडी पुन्हा चालू केली. इंजिनचा काटा खाली आला. एसीची सुईही खाली आली, येतच राहिली, आणि सव्वीसवर थांबली.

काका वाकून सुईकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"मॅडम, आता सांगा. सुई खाली हाय म्हंजे काय?"

प्रांजलीने एक मोठा श्वास घेतला. "गॅस कमी आहे."

"काय म्हणलं? इंजिनच्या आवाजात ऐकू न्हाई आलं."

"गॅस कमी आहे, काका! पण वारा अडलेला असताना भरला असता तर..."

"सतरावा डाव," काका म्हणाले. "मी सोळा डाव सांगितलं, आता तू."

डबा तिने सरळ धरला, दर अर्ध्या मिनिटाला नळी बंद करून काट्यावर ठेवला. काका प्रत्येक वेळी "झालं का?" विचारत होते. पंच्याऐंशी ग्रॅमवर सुई बेचाळीसला आली. तिने नळी काढली. टक् वाजण्याची ती वीस मिनिटं वाट बघत राहिली. वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांना दवाखान्याच्या दारातून गाडीत घेतलं तेव्हा बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. काका गाडी चालवत होते, आई पुढे बसली होती. आबा बरेच वाळले होते; गालांची हाडं दिसत होती. गाडी फाटकाबाहेर पडली तशी त्यांनी विचारलं, "घोंगडीला पाणी मारलं?"

"काढली मी ती, आबा."

"काढली?" ते उठून बसायला लागले. "मंग गाडी गार कशी काय राह्यली?"

तिच्याकडे पूर्ण स्पष्टीकरण तयार होतं, वहीत आकृतीही होती. तिने त्यांच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं. "तिच्यामुळे वारा अडत होता. पण तुम्ही भिजवत होता तोवर चाललं."

"बघ," आबा समाधानाने मागे टेकले. "भिजवली की चालतंय. मी सांगून राह्यलो पाच दिस. कुणी ऐकंल तर."

पुढून काका खोकले. प्रांजलीने पिशवीतून घोंगडीचा तुकडा काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि आबांच्या मानेवर ठेवला.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा दोन वाजून चौदा मिनिटं झाली होती. बाहेर बेचाळीस पॉइंट आठ. आत पंचवीस पॉइंट नऊ. आबांच्या काखेत अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.